कापडाच्या खोलीत ऐकलेलं

इर्मेली सारिक्को फिनलंडमधल्या राउमा गावच्या एका शाळेत एकोणतीस वर्षं शिवण शिकवत होती. त्यातली शेवटची चौदा वर्षं ती आणखी एक गोष्ट शिकवत होती. भांडण मिटवायला.

मिटवायची ती मुलांनीच. आठवी-नववीतली काही मुलं ती निवडायची, दोन दिवस बसवून तयार करायची. मग कोणी कोणाची टोपी लपवली, कोणी कोणाचा वेडावाकडा फोटो काढून वर्गभर पाठवला, की ती भांडलेली दोघं शिवणवर्गाशेजारच्या बारक्या खोलीत समोरासमोर बसायची आणि मध्ये हे दोन छोटे मध्यस्थ. एक बोलेल तेव्हा दुसऱ्यानं ऐकायचं. मध्यस्थानं कोणाची बाजू घ्यायची नाही, कोण चुकलं ते ठरवायचं नाही, शिक्षेचं तर नावच काढायचं नाही. शेवटी दोघांनी मिळून जे ठरवलं ते कागदावर उतरवून सह्या करायच्या, आणि आठवड्यानं पुन्हा बसून विचारायचं, पाळलंत का? मोठं माणूस खोलीत नसायचं. ते बाहेर बाकावर बसायचं, हाक मारली तरच आत. सगळ्यांत वरचा नियम इर्मेलीनं स्वतः जाड अक्षरात लिहून दाराला आतून चिकटवला होता : या खोलीतलं या खोलीत.

हे काम तिनं आणि राइलीनं मिळून सुरू केलं होतं. राइली अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना शिकवायची. दोघी हेलसिंकीला जाऊन तीन दिवसांचं शिक्षण घेऊन आल्या, तेव्हा परतीच्या बसमध्ये सराव म्हणून खोटं खोटं भांडल्या. इतक्या की ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "उतरवू का एकीला?" तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत राइली कॉफीचा कप घेऊन शिवणवर्गात यायची आणि इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहायची. इर्मेलीचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा स्वीडनला होता, पण आपण एकट्या आहोत असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. राइली होती ना.

मग २०१७च्या उन्हाळ्यात भिंत पाडली.

नव्या अभ्यासक्रमात शिवणकाम आणि सुतारकाम हे दोन विषय उरले नव्हते, दोन्ही मिळून एकच हस्तकला झाली होती. तेव्हा शिवणवर्ग आणि सुतारशाळा यांच्यामधली भिंत काढून तिथे भलं मोठं काचेचं सरकतं दार बसवलं. म्हातारा सुतारमास्तर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी हेन्ना किविस्तो आली. तेहेतीस वर्षांची, आखूड केसांची, कानामागे पेन्सिल आणि बोटांना कायम कुठेतरी पट्टी. हसली की दोन्ही वर्गांत ऐकू जायचं.

मुलांना आता आपल्या मनानं टोक निवडता येत होतं. ऑगस्ट संपायच्या आत इर्मेलीच्या टोकाला सतरा शिलाई मशिनं आणि पाच मुलं, आणि काचेपलीकडे करवतीपाशी रांग. ज्या मुलींनी गेल्या वर्षी तिच्याकडे थंडीचे कोट शिवले होते त्या आता तिकडे स्टुलाचे पाय घासत होत्या. जाता-येता "बाई, नमस्कार!" म्हणायच्या, अगदी प्रेमानं. तेच जास्त लागायचं.

इर्मेलीनं याला नाव दिलं भुसा. भुसा कापडावर येतो. भुसा मशिनात जातो. दार उघडं राहिलं की करवतीच्या आवाजात मुलांना काही ऐकू येत नाही. कापडाच्या कात्रीनं कोणीतरी सँडपेपर कापला, तो कोणी? हेन्ना दरवेळी म्हणायची, "चुकलंच, आता लक्ष ठेवते," आणि ठेवायची. त्यामुळे इर्मेलीला दर आठवड्याला नवीन काहीतरी शोधावं लागायचं.

सप्टेंबरमध्ये एक दिवस मधल्या सुट्टीत राइली कप घेऊन आली आणि बोलता बोलता तशीच काचेच्या दारातून पलीकडे गेली. "आलेच," म्हणाली. घंटा झाली तरी आली नाही. इर्मेलीनं पुढची दहा मिनिटं एका परकराची टीप उसवली. ती टीप चांगली सरळ होती.

पुढच्या आठवड्यात राइलीनं लोणी लावायची एक लाकडी सुरी तिच्या नाकाशी धरली.

"वास घे. जुनिपरचं लाकूड आहे. मी केली, हेन्नानं शिकवलं."

"बोथट आहे," इर्मेली म्हणाली.

"मग लोणीच लावायचंय ना, कोणाची मान थोडीच कापायचीय?"

इर्मेली हसली नाही. राइलीनं सुरी खिशात टाकली. त्या दिवसापासून जेवणाच्या हॉलमध्ये राइली राईच्या पावाला त्याच सुरीनं लोणी लावायची आणि इर्मेली आपल्या ताटात बघायची. वीस वर्षांत राइलीनं तिच्याकडून साधं बटण लावायला शिकून घेतलं नव्हतं. 'माझ्या हाताला सुई मानवत नाही' म्हणायची. आणि आता लाकूड बरं मानवलं!

ऑक्टोबरमध्ये राइलीनं विषय काढला. "समेटाच्या कामात हेन्नाला घेऊया. आपण दोघी आता साठीला आलो. आणि मुलं तिच्याशी बोलतात."

"मुलं बसच्या ड्रायव्हरशीपण बोलतात."

"इर्मेली."

"तिचं शिक्षण झालेलं नाही यातलं."

"होईल की. आपलं तरी कुठे आईच्या पोटात झालं होतं?"

"माझ्याकडून काही कमी पडतंय का? तसं स्पष्ट सांग."

राइलीनं कपातली उरलेली कॉफी संपवली. "काही कमी पडत नाही," म्हणाली आणि कप धुवायला गेली. त्यानंतर मधल्या सुट्टीत ती कधी यायची, कधी नाही. इर्मेली मात्र रोज घड्याळाकडे बघायची, मग काचेकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. पलीकडे राइलीची पाठ दिसली की दिवसभर तिला काही गोड लागत नसे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते घडलं.

सातवीतल्या विल्या आणि नेया या दोघींनी स्वतःहून समेट मागितला होता. शाळा सुटल्यावर स्टूल पुरं करायला दोघीच मागे थांबल्या असताना लाकूड कोरायच्या चाकूवरून ओढाओढी झाली, विल्याच्या तळहाताला कापलं, चार दिवस दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मध्यस्थ होत्या नववीतली मिन्तू आणि आठवीतली सान्नी. मिन्तू म्हणजे इर्मेलीच्या हाताखाली तयार झालेली सगळ्यांत शहाणी मुलगी. समोरचा गप्प झाला तरी ती घाबरत नसे, वाट बघायची.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर इर्मेलीची पाळी होती. पाच मिनिटांनी तिला आठवलं की पुढच्या तासाला निळं अस्तर लागणार आहे. कापडाची खोली समेटाच्या खोलीला लागूनच होती, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच समेट चालू असताना तिकडे कोणी जायचं नाही असं तिनंच ठरवून दिलं होतं. 'आत्ता घेऊन येते,' असं मनाशी म्हणून ती आत गेली. अस्तराचा गठ्ठा उचलला. आणि भिंतीपलीकडून नेयाचा आवाज आला.

"...बाई नव्हत्याच ना वर्गात तेव्हा. हेन्ना बाई बाहेर पळत गेल्या, म्हणून मी चाकू घेतला. त्या असत्या तर मी घेतलाच नसता."

मिन्तूचा शांत आवाज : "म्हणजे बाई वर्गात नव्हत्या, आणि तू चाकू घेतलास. मग पुढे?"

इर्मेलीनं निघून जायला हवं होतं. तिचा एक पाय दाराकडे वळलाही होता. पण छातीत काहीतरी उबदार पसरलं, थंडीत घोटभर गरम पोटात गेल्यावर पसरतं तसं. वर्ग सोडून गेली! चाकू उघडे टाकून! ती गठ्ठा पोटाशी धरून उभी राहिली, आणि सगळं ऐकेपर्यंत उभी राहिली. किती वेळ बाई नव्हत्या, तीन मिनिटं की पाच. रक्त किती आलं. हेन्ना परत आली तेव्हा तिचा चेहरा कसा पांढराफटक होता. पट्टी बांधताना तिनं शंभर वेळा माफी कशी मागितली.

पलीकडे दोघींचं जमलं. सह्या झाल्या. चौघी हसतच बाहेर आल्या तेव्हा इर्मेली बाकाजवळ उभी होती, हातात निळं अस्तर.

"छान झालं का गं?"

"झालं बाई," मिन्तू म्हणाली. तिची नजर अस्तरावरून कापडाच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि परत आली.

त्याच दुपारी इर्मेली हेडमास्तरांकडे गेली. तापानी भला माणूस होता, भांडणाला घाबरणारा. "मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून सांगतेय," तिनं सुरुवात केली, आणि सांगताना तिचा आवाज इतका काळजीचा झाला की तो तिला स्वतःलाही खरा वाटला.

"तुला कुठून कळलं?" तापानीनं विचारलं.

"मुलांकडून."

एवढं खोटं नव्हतं, असं ती जिना उतरताना स्वतःला सांगत होती.

तापानीनं विल्या आणि नेयाला बोलावून विचारलं, मग हेन्नाला. हेन्ना म्हणाली, "हो, गेले होते. चार मिनिटं." कशासाठी, ते सांगेना. तापानीनं तीनदा विचारलं. "कारण होतं, पण ते माझं नाही," एवढंच म्हणाली. शेवटी तिला लेखी ताकीद मिळाली. गुरुवारी सगळ्या शाळेला कळलं. तिथल्या शाळांत गुरुवारी ठरलेलं वाटाण्याचं सूप आणि धिरडं, आणि त्या दिवशी इर्मेलीनं सूप दोनदा घेतलं. पलीकडच्या टेबलावर हेन्ना एकटीच बसली होती, पेन्सिल कानामागे नव्हती. राइली शाळेत आलीच नव्हती. बरं नाही म्हणे. इर्मेलीला तेही बरंच वाटलं. आज तरी त्या दोघींना शेजारी शेजारी बघायची पाळी नव्हती.

शुक्रवारी सकाळी मिन्तू शिवणवर्गात आली. मध्यस्थ मुलं गळ्यात हिरव्या फिती घालायची, तशा आठ फिती तिनं कापायच्या टेबलावर ठेवल्या. एकावर एक, नीट घडी घालून.

"हे काय?"

"आम्ही सगळे सोडतोय."

"का पण?"

"विल्याला वाटतं, मी सांगितलं. नेयाला वाटतं, सान्नीनं. हेन्ना बाई वर्गात नव्हत्या हे आम्हा चौघींशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही कोणी सांगितलेलं नाही." मिन्तू थांबली. इर्मेलीनंच शिकवलेलं थांबणं. "तुमच्या हातात निळं अस्तर होतं."

इर्मेलीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "मिन्तू, कोणाच्या जिवाला धोका असेल तर मोठ्यांना सांगावंच लागतं. हा पण नियम आहे."

"आहे. पण मग आधी आम्हाला सांगायचं की हे मला सांगावं लागणार आहे. आमच्यासमोर. नंतर हेडमास्तरांना. तुम्हीच शिकवलंत." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि आम्ही नाही बोलावलं तर आत यायचं नाही, हेपण."

ती गेली. इर्मेलीनं फिती ड्रॉवरमध्ये टाकल्या, पहिल्या तासाच्या मुलांना मशिनात दोरा ओवायला लावला आणि कोणाचाही दोरा तपासला नाही.

राइली सोमवारी आली. शाळा सुटल्यावर, कोट अंगातच, कप नाही. इस्त्रीच्या टेबलाला टेकली नाही. खुर्ची ओढून बसली.

"तुला एक सांगायचंय, मध्ये बोलू नकोस. विल्याचा हात कापला त्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये पडले. कपाटांपाशी, अशी सरळ खाली. हेन्नानं दारातून पाहिलं आणि धावली. चार मिनिटं ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शुद्धीवर आल्यावर मी तिला म्हटलं, कोणाला सांगशील तर याद राख."

"पडलीस म्हणजे?"

"हृदयाचे ठोके चुकतात. मध्येच थांबतात. उन्हाळ्यापासून चालू आहे. पुढच्या मंगळवारी तुर्कूच्या हॉस्पिटलात पेसमेकर बसवणार आहेत."

इर्मेलीच्या मनात त्या क्षणी काय आलं ते तिनं नंतर कितीतरी दिवस कोणाला सांगितलं नाही. काळजी आली, पण ती दुसरी आली. आधी आलं ते हे : हेन्नाच्या मांडीवर. माझ्या नाही.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून! आणि तिला माहिती?"

"तिलाही त्या दिवशीच कळलं. तुला सांगणार होते. तीनदा कप घेऊन आले त्यासाठी. दर वेळी तुझं सुरू, भुसा, कात्री, दार. तुला काही सांगायला जागाच उरली नव्हती गं." राइलीनं कोटाचं बटण लावलं, काढलं. "मी शाळेत नव्हते, आणि तिला माझ्यामुळे ताकीद मिळाली. तरी तिनं तोंड उघडलं नाही. तिला तर कोणी नियम लिहून दिला नव्हता."

"मला माहीत नव्हतं ना ती कशाला गेली ते!"

"माहीत करून घ्यायचं होतं का तुला?"

इर्मेलीनं टेबलावरच्या टाचण्या गोळा करायला घेतल्या.

"मी आज तापानीला सगळं सांगून आलेय. माझ्याबद्दलचं. तुझ्याबद्दलचं तू सांग," राइली म्हणाली आणि उठली. दाराशी बूट काढून ठेवले होते, तिथे भिंतीला टेकून क्षणभर थांबली. इर्मेली धरायला धावली, तर तिनं हात वर केला. "ठीक आहे मी. बूट घालतेय."

दुसऱ्या दिवशी इर्मेली तापानीसमोर जाऊन बसली. मुलांकडून कळलं हे अर्धवट होतं, आपण भिंतीआडून ऐकलं, उभं राहून ऐकलं, आणि मुद्दाम सांगितलं, असं तिनं एका दमात सांगून टाकलं. तापानीनं चष्मा काढून डोळे चोळले. हेन्नाची ताकीद मागे घेतली गेली. इर्मेलीला तिची स्वतःची मिळाली. ती त्यानं तीन वेळा लिहून फाडली म्हणे, शब्द सापडेनात म्हणून.

"हे असंच सोडता येणार नाही," तो म्हणाला. "तू आणि हेन्ना, बसायला हवं. मधे कोणीतरी घेऊन."

इर्मेलीला एक कल्पना सुचली, आणि ती सुचताच तिला आपण किती मोठ्या मनाच्या आहोत असं वाटलं. ती मिन्तूला शोधत ग्राउंडवर गेली. "आमच्या दोघींमध्ये तू बसशील का? मला तुझ्याइतका भरवसा दुसऱ्या कोणाचा नाही."

मिन्तूनं टोपी कानांवर ओढली. "नाही बाई. मोठ्यांची भांडणं आमच्याकडे घेत नाहीत. आणि तुमच्याशी तर आमचंच भांडण आहे."

मध्यस्थ मग पोरी या शेजारच्या शहरातून आला. तोर्स्ती नाव. सत्तरीचा, मोठ्या पंजांचा, जन्मभर बंदरात क्रेन चालवलेला, आणि गेली बारा वर्षं फुकट भांडणं मिटवत फिरणारा. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी तो त्या बारक्या खोलीत मुलांच्या खुर्चीवर बसला तेव्हा गुडघे टेबलापेक्षा वर आले. एका बाजूला इर्मेली, दुसऱ्या बाजूला हेन्ना. दारावर जाड अक्षरांतला कागद तसाच होता.

इर्मेली आधी बोलली. छान बोलली. माझ्या वागण्यामुळे तुला दुखावल्यासारखं वाटलं असेल हे मी समजू शकते, माझी गरज अशी होती की कामाची जागा सुरक्षित असावी, वगैरे. चौदा वर्षं जे शिकवलं ते सगळं जागच्या जागी. हेन्ना टेबलाकडे बघत होती.

तोर्स्तीनं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "हे तू मुलांना शिकवतेस ते झालं. आता तुझं सांग."

"माझंच सांगतेय."

"बरं," म्हणून तो गप्प बसला. घाई नव्हतीच त्याला. जहाजाची वाट बघत क्रेनवर बसायची सवय असलेला माणूस.

इर्मेलीला तो सापळा ठाऊक होता. मुलांना तिनंच शिकवला होता : गप्प राहा, समोरचा आपोआप बोलेल. ती बोलणार नव्हती. तिनं टेबलावरचा एक ओरखडा मोजला, खिडकीच्या काचेवरचं धुकं पाहिलं. हेन्नाच्या अंगठ्याला नवी पट्टी होती.

"राइली तुझ्याकडे कॉफी प्यायला यायला लागली," इर्मेली म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच राग आला. "ती माझ्याकडे यायची. चौदा वर्षं. तू आलीस आणि तिनं सुरी केली. माझ्याकडे तिनं बटणसुद्धा लावलं नव्हतं. मुलं तिकडे गेली ते मी सोसलं असतं. भुसाबिसा काही नव्हता. झाडला की जायचा." ती थांबली. "पायात काळे मोजे घालून हिंडत होते मी. झालं? बस?"

फिनिश भाषेत मत्सर करणाऱ्याला काळ्या मोज्यांचा म्हणतात. तोर्स्ती हसला नाही. हेन्नानं मात्र पहिल्यांदा वर पाहिलं.

"माझ्यावर?" ती म्हणाली. "अगं, मी इथे कोणालाच ओळखत नव्हते. पहिल्या दिवशी तुझ्याकडे दालचिनीचे पाव घेऊन आले होते, आठवतं? तू म्हणालीस, कापडाजवळ खाणं आणू नकोस."

इर्मेलीला आठवत होतं.

"राइलीशी जमलं, कारण माझ्याकडे ती एकटीच यायची," हेन्ना म्हणाली. तिच्या आवाजातलं हसू पार गेलं होतं. "आणि ऐक, मला वाईट वाटलं म्हणून हे इथे संपणार नाहीये. त्या चार मिनिटांत एका मुलीचा हात कापला. ती चूक माझीच. शेजारी तू होतीस. दार उघडून तुला हाक मारली असती तर तू माझ्या वर्गाकडे बघितलं असतंस. पण मला तुला हाक मारायची भीती वाटली. त्या क्षणी, राइली खाली पडलेली असताना मला वाटलं, इर्मेलीला बोलावलं तर ती मला बोल लावेल. माणूस जमिनीवर पडलंय आणि मी हा विचार करतेय! तू मला तिथे आणून ठेवलंस."

इर्मेलीला ताकीद मिळाली तेव्हा रडू आलं नव्हतं, राइलीनं सगळं सांगितलं तेव्हाही नाही. आता आलं. तोर्स्तीनं खिशातून रुमाल काढून मध्ये ठेवला, कोणाच्याच जवळ न सरकवता.

"काय हवंय तुला?" इर्मेलीनं विचारलं. "नियमाप्रमाणे नाही विचारत. खरंच विचारतेय."

"मुलांना सांग," हेन्ना म्हणाली. "विल्याला, नेयाला, त्या दोघी मध्यस्थ मुलींना. एकमेकींवर संशय घेत बसल्यात त्या. आणि हे समेटाचं काम सोड. कायमचं म्हणत नाही मी. पण त्यांनी परत बोलावेपर्यंत."

इर्मेलीनं सही केली. अक्षर वाकडं आलं.

मुलांना सांगणं हे हेडमास्तरांना सांगण्याहून शंभर पट अवघड गेलं. विल्यानं तळहातावरची खूण खाजवली. सान्नी रडली. मिन्तूनं फक्त विचारलं, "फिती कुठे आहेत?" आणि इर्मेलीनं ड्रॉवर उघडून दिल्या. जानेवारीपासून ते काम हेन्ना बघायला लागली. फेब्रुवारीत राइली कामावर आली आणि तीही बघायला लागली. इर्मेलीला कोणी परत बोलावलं नाही. मे महिन्यात मिन्तू नववी संपवून गेली. जाताना हात मिळवला, "थँक यू बाई" म्हणाली, आणि तेवढंच.

राइलीला पेसमेकर बसला त्या मंगळवारी इर्मेली तुर्कूला गेली होती. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये हेन्ना आधीच बसलेली. दोघी एका बाकावर, मध्ये दोन माणसांची जागा सोडून, दीड तास बसल्या. नर्सनं येऊन विचारलं, "नातेवाईक कोण?" तेव्हा दोघी एकदम उठल्या आणि दोघी एकदम पुन्हा बसल्या.

काळे मोजे काही एका दिवसात पायातून निघत नाहीत. मार्चमध्ये राइलीनं सहज सांगितलं की हेन्नाबरोबर ती एक होडी बघायला गेली होती, तेव्हा इर्मेलीला ते लागलंच. पण ती म्हणाली, "मला राग आला हे ऐकून."

"कशाचा?"

"मला विचारलं नाहीत त्याचा."

"तुला नावेत मळमळतं."

"तरी विचारायचं."

"बरं, पुढच्या वेळी विचारू. तू नाही म्हण," राइली म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं.

जूनमध्ये शाळा सुटल्यावर राइलीनं दोघींना समुद्राकाठच्या आपल्या झोपडीवर बोलावलं. धक्क्याच्या फळ्या हिवाळ्यात उखडल्या होत्या. हेन्नानं त्या ठोकल्या, इर्मेलीनं खिळे धरले, आणि राइली खुर्चीवरून दोघींच्या चुका काढत राहिली. मग सौना, म्हणजे वाफेच्या न्हाणीची खोली, तापवला. डॉक्टरांनी राइलीला वरच्या बाकावर बसायला बंदी केली होती. ती खालच्या पायरीवर, दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यात जाऊन बसली. "वर जा तुम्ही," म्हणाली. "माझ्याकडे काय बघताय?"

वरच्या बाकावर दोघीच उरल्या. जागा आखूड होती. हेन्नाचा ओला खांदा इर्मेलीच्या खांद्याला लागत होता, आणि सरकायला पलीकडे भिंत होती. हेन्नानं पळी बादलीत बुडवून दगडांवर पाणी फेकलं, भसकन वाफ उठली. कान भाजले. इर्मेलीला आयुष्यात कोणी एवढं पाणी एकदम टाकलेलं आवडलं नव्हतं. राइलीला हे माहीत होतं. हेन्नाला नव्हतं.

"जास्त झालं का?" हेन्नानं विचारलं.

"हो," इर्मेली म्हणाली. "निम्मं टाकत जा."

"बरं."

पुढच्या वेळी तिनं निम्मं टाकलं. खालून राइली म्हणाली, "इथपर्यंत काहीच येत नाहीये," पण तिच्याकडे दोघींनीही लक्ष दिलं नाही.